तिसरा हात

गेल्या वर्षापर्यंत माझा एक क्रम ठरलेला होता. रात्रीचे दहा वाजून गेले आणि आळीतले दिवे एकेक करून मालवले, की मी जेवणघरातल्या टेबलाचा कोपरा पुसून घेई, दाराला कडी लावी आणि कपाटाच्या तळच्या कप्प्यातून माझी पेटी बाहेर काढी. पलीकडच्या वहिनींना त्यांच्या खिडकीतून माझी वाकलेली पाठ तेवढी दिसे. सकाळी पाणी भरताना त्या आदराने विचारीत, "सर, नवी कादंबरी चालली आहे वाटतं?" मी नुसता हसे. कादंबरी कधी चाललेली असे, कधी अडलेली असे. पण त्या रात्री मी बहुधा उशीच्या अभ्र्याला काज करीत बसलेला असे.

मी शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवतो. मॅट्रिक झालो, चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि फळ्यापाशी जो उभा राहिलो तो अजून उभाच आहे. मधल्या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्याही गेल्या, आणि त्यांच्या पुष्कळशा प्रती माझ्या पलंगाखाली सुखरूप आहेत. अशा माणसाने फावल्या वेळात बुद्धिबळ खेळावे, सतार वाजवावी, निदान तिकिटे तरी जमवावीत. मी शिवतो. आणि शिवतो म्हणजे तरी काय? धड सदरा अजून माझ्या हातून उतरलेला नाही. अभ्रे, पिशव्या, मुलीच्या बाहुलीचे परकर, आणि जुन्या कपड्यांची एक गोधडी, जी चार वर्षे अपुरीच आहे. खरे सांगायचे तर मला शिवण्यापेक्षा शिवण्याच्या हत्यारांचा सोस अधिक.

आता ही उसवणीच पाहा. बोटभर दांडी आणि पुढे सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली पोलादी टोके. एक लांब नि अणकुचीदार, दुसरे आखूड, त्याच्यावर तांबडा मणी. दोहोंच्या बेचक्यात धार. पुष्कळ दिवस मला वाटे की मणी शोभेचा आहे. तो शोभेचा नाही. शिवण उकलताना मण्याचे टोक आत, दोन कापडांच्या मध्ये घालायचे. मणी कापडावरून घसरत जातो, टोचत नाही, आणि टाके आपोआप धारेवर येतात. पण नाजूक कापडावर तेही करू नये. एका बाजूचा दर चौथा टाका तेवढा तोडावा, मग कापड उलटे करून पलीकडचा दोरा ओढावा. सगळा दोरा एका दमात सुटून येतो आणि कापडाला कळतसुद्धा नाही. फसलेले प्रकरण कादंबरीतून असे काढता आले असते, तर माझ्या पलंगाखाली थोड्या बऱ्या कादंबऱ्या पडल्या असत्या.

सुयांचे जगही असेच उफराटे. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. यंत्राच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती जाड. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला, म्हणजे सुई पुढे आणि दोरा तिच्या मागे. यंत्राच्या सुईचे नेढे अणीपाशीच. ती दोरा घेऊनच कापडात शिरते. नेढे टोकाशी ठेवलेल्या सुईचे यंत्र एलियस हाऊ या अमेरिकन कारागिराने 1846 साली पेटंट करून घेतले. माणूस हजारो वर्षे हाडाच्या, मग तांब्याच्या नि पोलादाच्या सुईने शिवत आला. पण छिद्र या टोकाचे त्या टोकाला गेले आणि जगाचे कपडे बदलले.

माझ्या पेटीत कापडाची एक लहानशी स्ट्रॉबेरी आहे. पाहणाऱ्याला ते बाहुलीच्या घरातले फळ वाटते. तिच्या पोटात कुरुंदाची पूड भरलेली असते; गंजू लागलेली सुई तिच्यात चारदोन वेळा खुपसली की लखलखीत होऊन बाहेर येते. अंगुस्ताने दोन आहेत. अंगुश्त म्हणजे फारसीत बोट, त्यावरून हा शब्द आला. एक टोपीसारखे, वरून बंद. दुसरे दोन्हीकडून उघडे, नुसत्या कड्यासारखे; ते शिंप्याचे. शिंपी बोटाच्या शेंड्याने सुई रेटत नाही, बोटाच्या बाजूने रेटतो, म्हणून त्याला टोपी लागत नाही. मेणाची वडी आहे. तिच्यावरून दोरा ओढून घेतला की त्याला पीळ पडत नाही, गाठी बसत नाहीत. लाकडी अळंबी आहे. मोज्याच्या टाचेत ती सरकवायची आणि ताणल्या गेलेल्या भोकावर आडवे-उभे दोरे विणून रफू करायचे.

ही सगळी हत्यारे मी एकेक करून, कधी पुण्याहून तर कधी टपालाने मागवून, संसाराच्या खर्चातून थोडी चोरी करून जमवली. आणि मोठ्या ऐटीत एकदा आईपुढे मांडली. तिने एकेक उचलून पाहिले, बोटाने चाचपले, जागच्या जागी ठेवले आणि म्हणाली, "हत्यारं छान आहेत रे. टाके कुठायत?"

आईजवळ पेटी नव्हती. तिच्याजवळ बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा होता, अजून आहे. माझ्या पेटीतल्या प्रत्येक वस्तूला त्या डब्यात जोड आहे, आणि ती विकत घेतलेली नाही. उसवणीच्या जागी दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा, एका बाजूला कागद गुंडाळलेला. कुरुंदाच्या स्ट्रॉबेरीऐवजी तिचे स्वतःचे केस. सुई अडू लागली की ती भांगाजवळून एकदा फिरवायची, तेलाने ती पुन्हा सुळकन चालू लागते. खडूऐवजी अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी. तिची रेघ गडद कापडावर स्वच्छ उठते आणि पहिल्या धुण्यात जाते. लाकडी अळंबीच्या जागी गेलेला विजेचा दिवा; त्याचा काचेचा गोल मोज्यात घालून ती माझ्या टाचा रफू करी. परकराची नाडी ओवायला जुना दात घासायचा ब्रश, कारण त्याच्या दांडीच्या टोकाला भोक असे. गळ्याचा गोल आखायला वाटी, किनारीची नागमोड आखायला बांगडी. आणि एक काड्यापेटी. बटण लावताना ती बटणावर काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घेई, मग काडी काढून टाकून सैल पडलेल्या दोऱ्याला बटणाखाली चार वेढे देई. त्यामुळे बटणाला मान येते, आणि जाड कापडाच्या काजातही ते सुखाने बसते. कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना हे शिकवतो तेव्हा मुले खूश होतात. ही युक्ती कुणाची, ते मी त्यांना पुष्कळ वर्षे सांगितले नव्हते.

का सांगितले नव्हते, ते आता लिहिले पाहिजे.

वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर आमचे घर आईच्या पायमशीनवर चालले. दुपारी शाळेतून आलो की गल्लीच्या तोंडाशीच मला त्या मशीनचा आवाज ऐकू येई, आणि आवाज आला म्हणजे संध्याकाळची चूल पेटणार हे मला कळे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर ते मशीन रात्रीही थांबत नसे. मला झोप लागे ती त्याच्या खडखडाटात, आणि तो थांबला की जाग येई. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, साड्यांचे फॉल. माझ्या रंगपेट्या, परीक्षांच्या फिया, पदविकेची दोन वर्षे, सगळे त्या चाकावरून आलेले आहे.

मग मला नोकरी लागली. पहिल्या वर्षीच्या एका रविवारी माझे एक सहकारी शिक्षक घरी चहाला आले होते. आम्ही चित्रकलेच्या परीक्षांविषयी बोलत होतो. इतक्यात कुणी एक बाई दारात आली, पोलक्याची शिलाई म्हणून तिने काही नाणी आईच्या हातावर मोजली, आणि दोन कमीच दिली. आई म्हणाली, "ठरलं होतं तेवढं द्या की." त्या दोन नाण्यांवरून दारात थोडी बोलाचाली झाली. सहकारी चहाच्या कपात पाहत राहिले, आणि माझे कान तापले.

त्या रात्री मी आईला म्हणालो, "आई, आता लोकांचे कपडे शिवायचे नाहीत. पुष्कळ केलंस. आता आराम कर."

ती म्हणाली, "बरं."

एवढेच म्हणाली. पुढच्या महिन्यात मी ते मशीन एका शिवणवर्गाला देऊन टाकले. दान केले, असे मी लोकांना सांगत असे, आणि लोक माझे कौतुक करीत. आदल्या रात्री तिने त्याच्या सगळ्या भोकांत तेल घातले होते, पट्टा पुसला होता, दाताखाली अडकलेली कापसाची पूड ब्रशाने झाडली होती. आईला मी आराम दिला, असे मी वीस वर्षे समजत आलो. खरे म्हणजे आराम हवा होता तो माझ्या शरमेला.

आई पुढे काय करीत असे? देवळात जाई, भाजी निवडी, नातीला खेळवी. तिचे काही बिघडले नव्हते, असे कुणालाही वाटले असते. फक्त बसल्या जागी ती पदराचे टोक दोन बोटांत धरून त्याची कड दुमडीत राही आणि पुन्हा सोडी. मी ते पाहत असे. पण पाहणे आणि कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे चित्रकलेच्या मास्तराइतके कुणाला ठाऊक असणार?

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या सदऱ्याचे बटण तुटले म्हणून मी तिचा डबा उघडला. पाते, साबणाची चिपटी, ब्रश, सगळे तसेच होते. आणि तळाशी एक बॉबिन होती. तिच्यावर खाकी दोरा अर्धा गुंडाळलेला. मशीन गेले तेव्हा त्यात होती ती. म्हणजे कुणाच्या तरी मुलाच्या गणवेशाची चड्डी अर्धवट राहिली होती. ती तिने हाताने पुरी केली असणार. मी बॉबिन होती तिथे ठेवली. त्या दिवशी ते बटण मी माझे मीच लावले, आणि माझा हा छंद तिथून सुरू झाला. तिचा तो धंदा होता, माझा छंद झाला. तिला ज्याची मी लाज धरली त्याचे मी कौतुकाने हत्यार-हत्यार खेळू लागलो, आणि तेही दाराला कडी लावून.

मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून आला. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला एक चीज मिळाली होती. "सर, दुकानदार म्हणाला ही शिवणकामाची आहे. मला तर काही उमगलं नाही. तुम्हीच बघा." कागद सोडला, तर आत पितळेचा पक्षी. पंख मिटलेला, चोच पुढे काढलेला, मुठीएवढा. त्याच्या पायांखाली एक शिकंजा आणि फिरकीचा स्क्रू. पाठीवर मखमलीची चिमुकली उशी, टाचण्या टोचण्यासाठी. शेपटी दाबली की चोच उघडते. सोडली की आतल्या कमानीच्या जोराने गच्च मिटते.

याला शिवणपक्षी म्हणतात. शिवणाऱ्या बायकांची तिकडची जुनी अडचण अशी, की लांब कड दुमडून शिवायची तर कापड ताणलेले हवे. एका हाताने ताणावे तर दुमड कुणी धरावी, आणि टाका कुणी घालावा? म्हणून टेबलाच्या कडेला शिकंजा आवळायचा आणि कापडाचे टोक चोचीत द्यायचे. डाव्या हाताने कापड आपल्याकडे ओढून धरायचे, उजव्या हाताने शिवायचे. वीतभर झाले की शेपटी दाबून कापड पुढे सरकवायचे. असे शिकंजे त्याआधीही होते. पण कनेटिकट राज्यातल्या मेरिडन गावच्या चार्ल्स वॉटरमन याने 1853 साली या पक्ष्याचे पेटंट घेतले, आणि घरोघरच्या टेबलांवर असे पक्षी येऊन बसले. गंमत अशी की दोनच वर्षे आधी, 1851 मध्ये, आयझॅक सिंगरने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. यंत्र घरोघर शिरले, लांब कडा यंत्रावर जाऊ लागल्या, आणि पक्षी हळूहळू कपाटात शोभेला गेला. त्याच्या चोचीला काम उरले नाही.

मी पक्षी आईला दाखवला. तिने शेपटी दाबली, चोच उघडली, मिटली. पुन्हा दाबली. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "एवढ्यासाठी पाखरू लागतं होय त्यांना?" असे म्हणून तिने खुर्चीवर बसल्या बसल्या उजवा पाय पुढे केला आणि अंगठा नि शेजारचे बोट यांत हवेतच कापड धरून दाखवले. मला एकदम आठवले. जमिनीवर बसून, एक गुडघा उभा करून, साडीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरून ती फॉल लावी. गोधड्या शिवणाऱ्या बायका, ओट्यावर बसणारे शिंपी, सगळे असेच कापड धरीत. टेबलखुर्चीवर बसणाऱ्यांना तिसरा हात पितळेचा करावा लागला. जमिनीवर बसणाऱ्यांना तो देवाने दिलेलाच होता.

"पण आता कुठला खाली बसायला होतंय," आई म्हणाली, आणि पाय मागे घेतला. गुडघ्यांनी तिला जमिनीवरून उठवून खुर्चीवर बसवले, त्याला बरीच वर्षे झाली.

मी पक्षी टेबलाच्या कडेला आवळून तसाच ठेवला आणि शाळेत गेलो. त्या रात्री कडी लावायला गेलो, तर आई टेबलापाशी बसलेली. माझ्या अपुऱ्या गोधडीची कड पक्ष्याच्या चोचीत होती, आणि धावदोऱ्याची एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होती. माझे टाके तिच्या टाक्यांशेजारी असे दिसत होते, जसे पहिलीतल्या पोराचे अक्षर कित्त्याशेजारी दिसते. ती वर न पाहता म्हणाली, "सुईत दोरा तेवढा ओवून दे. मोतीबिंदू काढला, पण नेढं काही दिसत नाही." मी दोरा ओवून दिला. दाराला कडी लावायची राहिली, ती राहिलीच.

दसऱ्याच्या आधी पलीकडच्या वहिनी आल्या. त्यांनी गोधडी पाहिली, पक्षी पाहिला, आणि बिचकत विचारले, "काकू, माझ्या साडीला फॉल लावून द्याल? बाहेर टाके फार मोठे घालतात हो." आईने माझ्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "फॉल आधी भिजवलात का? नाही? मग ठेवून जा. सुती असतो तो, पाण्यात आटतो आणि साडीला चुण्या पाडतो."

तिने फॉल रात्रभर भिजवला, वाळवला, इस्त्री केली. मग आधी खालची कड धावदोऱ्याने आणि मग वरची कड बारीक तुरपाईने, पक्ष्याच्या चोचीत धरून, सुईच्या टोकावर साडीचे एक-दोनच धागे घेत, म्हणजे टाका साडीच्या दर्शनी बाजूला दिसू नये. दोन्ही कडा मिळून पाच मीटरांहून जास्त शिलाई. तीन दुपारी लागल्या तिला. पूर्वी एका दुपारी तीन साड्या होत.

वहिनी साडी न्यायला आल्या तेव्हा मी खोलीतच मुलांची चित्रे तपासत होतो. त्यांनी फॉलवरून हात फिरवला, साडी उलटून पाहिली, आणि म्हणाल्या, "किती द्यायचे, काकू?"

मला वाटले, आई म्हणेल, अहो, शेजारधर्म आहे, पैसे कसले. मी तसे म्हणण्यासाठी तोंड उघडलेही होते.

आई म्हणाली, "बाजारात घेतात तेवढेच."

वहिनींनी नोटा दिल्या. आईने त्या उजव्या हातात घेतल्या, उलटसुलट करून मोजल्या, आणि डबा उघडून खाकी दोऱ्याच्या बॉबिनखाली ठेवल्या. मी समोरच्या चित्रावर मान घातली. एका पोराने सूर्य निळा रंगवला होता, आणि बराच वेळ मला त्यात काही चूक दिसेना.

वहिनी गेल्यावर मी म्हणालो, "आई, दमशील."

ती म्हणाली, "दमू दे की रे."

वीस वर्षांपूर्वी ती 'बरं' म्हणाली होती. आता ते म्हणण्याची पाळी माझी होती, मी म्हणालो.

तेव्हापासून दर शनिवारी रात्री माझ्याकडे एक काम असते. दोऱ्याच्या रिळाचे टोक मी एकामागून एक बारा सुयांच्या नेढ्यांतून ओवतो आणि रीळ तसेच ठेवतो. सुया दोऱ्यावर माळेसारख्या बसतात. आईने पहिली सुई हवा तेवढा दोरा घेऊन पुढे ओढायची, बाकीच्या मागे सारायच्या, आणि मधला दोरा तोडायचा. पुढची सुई ओवलेलीच असते. यासाठी कुठलेही हत्यार लागत नाही. कुणाची तरी दोन धड नजरेची डोळी तेवढी लागतात. बारा सुया तिला आठवडाभर पुरतील, असा माझा हिशेब होता.

या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मी शाळेतून आलो. पायातल्या वहाणा काढतो न काढतो, तोच आतून हाक आली, "अरे, आलास का? सुया संपल्या."